कॉलेज सॉफ्टबॉलमधील पिचिंग कोचची नोकरी : एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील मुलगी डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांतल्या तिसऱ्या श्रेणीच्या) कॉलेजात चार वर्षे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी, म्हणून खेळली आणि आता कायनेसिऑलॉजीची (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राची) पदवी घेऊन बाहेर पडते आहे. फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळालेला असूनही तिला डिव्हिजन टूच्या एका कॉलेजात पिचिंग सांभाळणारी ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता संघाचे काम करणारी सहायक, म्हणून जायचे आहे. वडील विचारतात की ही खरोखरची नोकरी आहे की लांबवलेला छंद, यात पोट भरते का, आणि माणूस यात किती वर्षे टिकतो.

या कामात मला आता अठरावे वर्ष चालू आहे. अमरावतीत शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायला लागले, महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले आणि लग्नानंतर अमेरिकेत आले. इथे आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, मग बिनपगारी सहायक, मग पगारी सहायक, मधे एकदा बेकार, आणि आता डिव्हिजन वनच्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात पिचिंग कोच, असा क्रम झाला. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकते. ही नोकरी आहे आणि पोटही भरते, पण पहिली सहा-सात वर्षे ते भरेलच असे नाही. आणि आपल्या मुलीला जे काम आवडते आहे, म्हणजे चेंडू कसा टाकायचा ते शिकवणे, ते या नोकरीचा फार तर पाचवा हिस्सा आहे. उरलेले चार हिस्से काय आहेत ते पाहून तिने ठरवावे.

आधी जागांचा हिशेब. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या तिन्ही डिव्हिजन मिळून महिलांचे सुमारे एक हजार सॉफ्टबॉल संघ आहेत आणि त्यांत डिव्हिजन वनचे सुमारे तीनशे. पिचिंग पाहणारी व्यक्ती संघात साधारणपणे एकच असते. डिव्हिजन थ्रीमध्ये ती बहुधा अर्धवेळ असते. दिवसा त्याच कॉलेजच्या व्यायामशाळेत किंवा प्रवेश विभागात काम करते आणि दुपारी मैदानावर येते. कित्येक ठिकाणी मुख्य प्रशिक्षकच पिचिंगही पाहतात. म्हणजे केवळ या कामाचा पूर्ण पगार ज्या खुर्चीवर बसून मिळतो, अशा खुर्च्या देशभरात काही शेच आहेत. (खुर्ची म्हणायचे, एवढेच, प्रत्यक्षात आम्ही चेंडूंच्या बादलीवर झाकण लावून बसतो आणि चाळिशीनंतर गुडघे त्याची आठवण करून देतात.)

वरच्या टोकाच्या खुर्च्या लवकर रिकाम्याही होत नाहीत. लिसा फर्नांडेझ यांनी १९९६, २००० आणि २००४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि त्या आपल्याच यूसीएलए विद्यापीठात वर्षानुवर्षे सहायक प्रशिक्षक म्हणून राहिल्या. पिचिंग कोच जेनिफर रोचा फ्लोरिडा विद्यापीठात असताना तो संघ २०१४ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. पुढे त्या ओक्लाहोमाला गेल्या आणि त्या संघाने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे घेतली. ही उदाहरणे मुद्दाम दिली, कारण आपल्याकडे ‘सहायक’ हा शब्द ऐकला की पुढची पायरी कोणती, असे लगेच विचारले जाते. पिचिंग कोचच्या बाबतीत सहायकाचे पद हीच पूर्ण कारकीर्द असू शकते आणि त्यात कमीपणा मानला जात नाही.

आता कामाबद्दल. कॉलेजात येणारी पिचर कोरी पाटी नसते. ती आठव्या-नवव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा-दोनदा खासगी शिकवणी घेत आलेली असते, आणि उरलेल्या दिवशी घराच्या अंगणात वडील बादलीवर बसून तिचे चेंडू झेलत असतात. कदाचित आपणही बसला असाल. एवढ्या वर्षांत हाताची जी चक्राकार हालचाल अंगात मुरली, ती अठराव्या वर्षी कोणी नव्याने शिकवत नाही. नव्या कोचला मात्र हात शिवशिवत असल्यामुळे नेमके तेच करावेसे वाटते.

माझ्या पहिल्या पगारी वर्षातली गोष्ट सांगते. संघात प्रथम वर्षाची एक उंच मुलगी आली होती. तिचा चेंडू ताशी ६४ मैलांनी जात असे, पण चेंडू सुटल्यावर ती कोपर वर उचलून हात खांद्यापाशी संपवायची. आमच्या धंद्यात यावरून जुना वाद आहे. हात असा मुद्दाम वर ओढून संपवायला शिकवणारी एक परंपरा आहे. दुसरी म्हणते की वेगवान पिचर प्रत्यक्षात तसे करतच नाहीत, त्यांचा कोपराखालचा हात मांडीच्या बाजूला घासून जातो, त्याच क्षणी तो आतल्या बाजूला वळतो आणि मग आपोआप सैल पडतो. संथगती चित्रण पाहिले तर दुसरी बाजू बरोबर आहे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. तेव्हाही नव्हती, आणि म्हणूनच चूक झाली. ऑक्टोबरमध्ये मी तिचा शेवट बदलायला घेतला. नोव्हेंबरमध्ये वेग चार मैलांनी उतरला. मी म्हटले, बदल होताना असे होतेच. फेब्रुवारीतल्या पहिल्याच स्पर्धेत तिने तीन डावांत सात फलंदाजांना चार बॉलवर, म्हणजे टप्प्याबाहेरचे चार चेंडू टाकून, पहिला बेस दिला. सातवी बेसवर जात असताना तिने डगआउटकडे, म्हणजे आमच्या बाकाकडे, पाहिले. ती नजर रागाची नव्हती. आता हात कुठे संपवू, असे विचारणारी होती. उत्तर माझ्यापाशी नव्हते. एप्रिलपर्यंत आम्ही तिला जुन्या पद्धतीवर परत आणले, वेगही परत आला, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

चेंडू सुटल्यानंतर हात काय करतो याने चेंडूला काही फरक पडत नाही, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. तिच्या शरीराने त्या शेवटाभोवती आधीची सगळी हालचाल बेतली होती, आणि शेवट काढून घेतल्यावर सुरुवातही कोसळेल, हे मला कळले नव्हते. तेव्हापासून माझा एक नियम आहे. नवी मुलगी आली की ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मी तिच्यात काहीही बदलत नाही. चित्रण करते, प्रत्येक चेंडूची नोंद ठेवते, तिच्या जुन्या शिक्षकांना फोन करून त्यांनी काय करून पाहिले आणि काय सोडून दिले ते विचारते. मग दुखापत होईल असे काही दिसले तर तेवढ्यालाच हात घालते, आणि बाकीचे आहे तसे कसे वापरता येईल ते बघते. काय शिकवायचे हे पाच वर्षांत येते. कशाला हात लावायचा नाही हे यायला मला दहा वर्षे लागली, आणि पगार मुख्यतः त्याचाच मिळतो.

आता यंत्रेही आली आहेत. रॅपसोडोसारखे उपकरण प्लेटच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या पाटीच्या, दिशेने लावले की चेंडूचा वेग, फिरकीचे फेरे आणि फिरकीचा अक्ष पडद्यावर दिसतो. राइजबॉल नावाचा चेंडू प्रत्यक्षात वर चढत नाही. त्याला उलटी फिरकी असली तर तो गुरुत्वाकर्षणामुळे जितका खाली यायला हवा त्यापेक्षा कमी खाली येतो आणि फलंदाजाला तो चढल्यासारखा वाटतो. पुष्कळ मुलींच्या राइजबॉलला उलटी फिरकी नसतेच, बंदुकीच्या गोळीसारखी फिरकी असते. माझ्याकडच्या एका मुलीला यंत्राने हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. पण प्रतिस्पर्धी फलंदाज त्या चेंडूवर चुकत होते, ही वस्तुस्थिती यंत्राने बदलली नव्हती. आम्ही त्याला राइजबॉल म्हणणे सोडून ‘वरचा वेगवान’ म्हणू लागलो, छातीच्या रेषेवर वापरू लागलो, आणि उलट्या फिरकीचा नाद सोडून तो वेळ चेंजअपवर, म्हणजे फसवून संथ टाकायच्या चेंडूवर, घालवला. आपल्या मुलीला कायनेसिऑलॉजीमुळे हे आकडे समजतील, ही तिची जमेची बाजू आहे. मात्र प्रत्येक आकडा पिचरला सांगायचा नसतो, हेही तिने लक्षात ठेवावे.

वेगाबद्दल दोन शब्द, कारण घरी हाच विषय जास्त चालतो. पिचरची पट्टी होमप्लेटपासून ४३ फुटांवर असते, पण लांब पाऊल टाकल्यामुळे चेंडू सुमारे ३७ फुटांवरून सुटतो. ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगाने तो साधारण ०.३६ सेकंदात प्लेटवर पोचतो. क्रिकेटमध्ये ताशी १४५ किलोमीटरने टाकणाऱ्या गोलंदाजासमोर फलंदाजाला याहून जास्त वेळ मिळतो. मोनिका ॲबटचा २०१२ मधला ७७ मैलांचा विक्रम बरीच वर्षे टिकला. २०२५ मध्ये टेनेसीच्या कार्लिन पिकन्सने आधी ७८.२ आणि मग ७९.४ मैलांचा चेंडू टाकला. असा हात घडवता येत नाही, तो सापडतो. आमच्यासारख्या मध्यम विद्यापीठात ६२ ते ६५ मैलांच्या मुली येतात, आणि त्यांना जिंकून देतो तो दोन चेंडूंतला वेगातला फरक आणि जागा.

खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, हा समज अजून गेलेला नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला दंडाच्या स्नायूचा जो कंडरा असतो त्यावर या हालचालीत मोठा ताण येतो, आणि बेसबॉलमध्ये लहान मुलांच्या चेंडूंवर जशा मर्यादा घातलेल्या असतात तशा इथे सहसा नसतात. शनिवार-रविवारी पाच-सहा सामने टाकत वाढलेली मुलगी आमच्याकडे येते तेव्हा तिचा खांदा अठराव्या वर्षीच बराच वापरलेला असतो. म्हणून कुणी किती चेंडू टाकले याची वही हा माझा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि त्यात सामन्यातलेच नव्हे तर बुलपेनमधले (पिचरच्या सरावाच्या जागेतले) आणि अंग तापवतानाचेही चेंडू धरलेले असतात. या वहीवरून मुख्य प्रशिक्षकांशी वाद होतात. मे महिन्यात हंगाम एका सामन्यावर आलेला असताना, ‘ती आज टाकणार नाही’ हे वाक्य सहायकाने मुख्य प्रशिक्षकांना म्हणायचे असते. मी ते दोनदा म्हटले आहे. एकदा ऐकले गेले, एकदा नाही.

नियमही मधूनमधून पायाखालची जमीन हलवतात. पूर्वी पिचरने पट्टीवरून सुटताना मागचा पाय जमिनीला लागून ओढलाच पाहिजे असे होते, आणि तो हवेत उचलला तर पंच बेकायदेशीर चेंडू द्यायचे. २०२४ च्या हंगामापासून कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही पाय हवेत असायला हरकत नाही, फक्त पाय पुन्हा टेकवून तिथून दुसरा रेटा घेता येत नाही. पाय जमिनीवर राहावा म्हणून मुलींकडून मी वर्षानुवर्षे करून घेतलेले सराव एका उन्हाळ्यात अडगळीत गेले. कोणाच्याही कामाचे असे होते. मनाला लावून घेऊ नये.

आता ज्या भागाला कोणी पालक मोजत नाहीत तो भाग. बहुतेक संघांत प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा हे डगआउटमधून पिचिंग कोच ठरवते. मी तीन आकडे ओरडते, प्लेटमागे चेंडू झेलणारी कॅचर मनगटावरच्या पट्टीतला तक्ता पाहते, त्या आकड्यांसमोर चेंडूचा प्रकार आणि जागा छापलेली असते, आणि ती पिचरला खूण करते. गेल्या काही वर्षांत एकतर्फी संदेश पोचवणारी यंत्रे आली आहेत, म्हणून ओरडणे कमी झाले, ठरवणे तेवढेच राहिले. सात डावांच्या सामन्यात असे शंभर-सव्वाशे निर्णय होतात आणि प्रत्येकासाठी दहा-पंधरा सेकंद मिळतात. त्याआधी दोन रात्री प्रतिस्पर्धी फलंदाजांचे चित्रण पाहून तक्ते केलेले असतात: कोण पहिल्या चेंडूवर बॅट फिरवते, कोणाला आतला चेंडू खेळता येत नाही, दोन स्ट्राइक झाल्यावर कोण हात आखडते.

एका उपांत्य सामन्यात आम्ही एका धावेने पुढे होतो. सातवा डाव, दोन बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू, फलंदाजावर दोन बॉल आणि दोन स्ट्राइक. माझ्या पिचरचा ड्रॉपबॉल, म्हणजे शेवटी खाली पडणारा चेंडू, त्या दिवशी न खेळण्याजोगा पडत होता. मी तोच मागितला, नेहमीपेक्षा एक वीत खाली. चेंडू अगदी हवा तसा पडला, फलंदाज बॅट फिरवता फिरवता थांबली, चेंडू प्लेटच्या पुढे मातीत टप्पा खाऊन कॅचरच्या पायांखालून मागे गेला आणि बरोबरी झाली. आठव्या डावात आम्ही हरलो. कॅचर बसमध्ये येऊन माझी क्षमा मागू लागली. तिला म्हटले की आकडे माझे होते. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना मातीतला चेंडू मागायचा तर समोरची कॅचर कोण आहे हे आधी बघायचे असते. माझी नेहमीची कॅचर बोटाला लागल्यामुळे बाहेर बसली होती, आणि मी तक्त्यात फलंदाज पाहिली, माझीच कॅचर पाहिली नाही.

कॉलेज सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत झालेल्या अंतिम मालिकेचा पहिला सामना आपण पाहिला असेल. टेक्सास टेकची पिचर निजारी कॅनडी हिला टेक्सस विद्यापीठाच्या रीस ॲटवुडला मुद्दाम चार बॉल द्यायचे होते. त्यांतला एक चेंडू प्लेटच्या पुरेसा बाहेर गेला नाही, ॲटवुडने तो मारला, दोन धावा आल्या आणि टेक्ससने सामना २-१ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी लोक पिचरला बोलत होते. मला मात्र आठवले की मुद्दाम बाहेर टाकायच्या चेंडूचा सराव माझ्या स्वतःच्या बुलपेनमध्येही कधी होत नव्हता. आता दर गुरुवारी होतो. याच मालिकेत कॅनडीने त्या आठवड्याचा टेक्सास टेकचा जवळजवळ सगळा भार एकटीने उचलला होता, आणि तिसऱ्या निर्णायक सामन्यात पहिल्याच डावात पाच धावा गेल्यावर तिला बाहेर घ्यावे लागले. एकाच हातावर किती दूर जायचे, हा प्रश्न सर्वांत वरच्या पातळीवरही सुटलेला नाही.

याच कॅनडीचे नाव पैशांमुळेही घ्यावे लागते. २०२४ मध्ये ती स्टॅनफर्डहून टेक्सास टेकला गेली ती दहा लाख डॉलरहून मोठा करार घेऊन. बदलीची यादी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, २०१८ पासून आहे, आणि आता खेळाडूला जागा बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागत नाही. शिवाय २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत सॉफ्टबॉलच्या बारा शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन संघात २५ खेळाडूंची मर्यादा आली. माझ्या पातळीवर याचा अर्थ असा की दोन वर्षे जिच्यावर मेहनत घेतली ती मुलगी चांगली निघाली तर जून महिन्यात मोठ्या विद्यापीठात जाते, आणि निघाली नाही तर राहते. पहिल्यांदा मला वाईट वाटले होते. आता मी जाणाऱ्या मुलीसाठी शिफारसपत्र स्वतः लिहिते, कारण पुढच्या मुली ते पाहूनच आमच्याकडे येतात.

मुली शोधणे हा वर्षभराचा उद्योग आहे. जूनअखेर आणि जुलैत कोलोरॅडोमधल्या स्पर्धा, मग दक्षिण कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय स्पर्धा, सकाळी आठ ते रात्री दहा, घडीच्या खुर्चीवर, उन्हात. अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी भरतीविषयी बोलता येत नाही, हा नियम २०१८ मध्ये आला; त्यापूर्वी आठवीतल्या मुली तोंडी शब्द देऊन बसत आणि आम्हीही ते घेत होतो, ज्याची मला आज लाज वाटते. पाहायला गेले की मी रडार शेवटी काढते. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून चेंडू सुटला की पिचर काय करते ते आधी बघते. एकीने एकदा चेंडू परत घेण्यासाठी हातमोजा पुढे केला, घेतला, आणि शॉर्टस्टॉपकडे न पाहता बोटांनी ‘एक बाद’ अशी खूण सगळ्यांना करून पट्टीवर जाऊन उभी राहिली. तिचा वेग ६० मैल होता. मी तिला घेतले, आणि तिने चार वर्षे आमचे शुक्रवारचे सामने टाकले.

वेळापत्रकाबद्दल पटकन सांगते. ऑगस्टमध्ये मुली परत येतात, शरदात सरावाचे काही सामने होतात, डिसेंबरमध्ये फास्टपिच प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे एनएफसीएचे, अधिवेशन असते, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हंगाम सुरू होतो तो मे महिन्यापर्यंत, जास्तीत जास्त ५६ सामने. उत्तरेकडचे संघ पहिले पाच-सहा शनिवार-रविवार फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया असे फिरत असतात. माझ्या मुलाचा वाढदिवस मार्चमध्ये येतो. त्याच्या पहिल्या नऊ वाढदिवसांपैकी दोनच मी घरी साजरे केले. हे नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या जिवावर झाले.

पैशांचे आता स्पष्ट लिहिते. ग्रॅज्युएट असिस्टंटला दोन वर्षे मास्टर्सची फी माफ होते आणि हातात तुटपुंजे विद्यावेतन येते. माझ्या वेळी त्यानंतरची पायरी डिव्हिजन वनमध्ये ‘व्हॉलंटिअर’ सहायकाची असे. काम पूर्णवेळ, पगार शून्य. मी ती तीन वर्षे केली. उन्हाळी शिबिरे आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खासगी शिकवण्या यांवर खर्च निघायचा, आणि घरी नवऱ्याचा पगार होता म्हणूनच ते शक्य झाले. ज्यांच्या घरी तसा आधार नव्हता त्या माझ्याहून चांगल्या मुली त्या तीन वर्षांत गळल्या. २०२३ च्या जुलैपासून एनसीएएने डिव्हिजन वनमधले हे बिनपगारी पद रद्द केले आणि त्या जागी पगारी सहायक ठेवण्याची मुभा दिली. आपली मुलगी या बाबतीत माझ्यापेक्षा नशीबवान आहे, मात्र मुभा मिळाली म्हणून प्रत्येक विद्यापीठाने पैसे ठेवले असे नाही. मोठ्या परिषदांतल्या (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतल्या) अनुभवी पिचिंग कोचना सहा आकडी डॉलर मिळतात. मधल्या विद्यापीठांत शाळेतल्या अनुभवी शिक्षिकेइतके मिळाले तरी बरे म्हणायचे. खासगी शिकवणीचा धंदा कुठेही चालतो आणि काही जणी कॉलेज सोडून त्यातच स्थिरावतात. त्यांची कमाई माझ्याहून चांगली आहे आणि रविवार सोडून रात्री त्या घरी असतात.

नोकरीच्या टिकाऊपणाबद्दल आपण विचारले आहे. सहायकांचे करार बहुधा एका वर्षाचे असतात, आणि मुख्य प्रशिक्षकांना काढले की येणारी व्यक्ती आपली माणसे घेऊन येते. माझे असे एकदा झाले. आमच्या पिचिंगचे आकडे त्या वर्षी परिषदेत दुसऱ्या क्रमांकाचे होते, फलंदाजी शेवटून दुसरी होती, आणि मे महिन्याच्या एका मंगळवारी आम्हां तिघांनाही एकाच बैठकीत निरोप मिळाला. मी सात महिने घरी होते. पुढची नोकरी जाहिरातीतून मिळाली नाही. पूर्वी माझ्याविरुद्ध खेळलेल्या एका संघाच्या प्रशिक्षकांनी फोन करून विचारले, ‘तुमच्या त्या डावखुऱ्या मुलीला चेंजअप कोणी शिकवला?’ हा धंदा इतका लहान आहे. इथे तोंडदेखली ओळख उपयोगी पडत नाही. कुणीतरी प्रतिस्पर्धी डगआउटमधून आपले काम पाहिलेले असावे लागते.

म्हणून डिव्हिजन टूच्या या प्रस्तावाकडे वळते. तो स्वीकारण्यापूर्वी आपल्या मुलीने तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना पगाराआधी दोन गोष्टी विचाराव्यात. चेंडू कोण ठरवणार? ‘मी ठरवते, तू बुलपेन पाहा’ असे उत्तर आले तर दोन वर्षांनी तिच्या हाती मास्टर्सची पदवी असेल, पण धंदा हाती नसेल. दुसरे, यापूर्वीच्या ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत? चांगल्या मुख्य प्रशिक्षकांना ती नावे पाठ असतात आणि त्या नावांशी बोलायला त्या हरकत घेत नाहीत. शिवाय कपडे धुणे, बसची आरक्षणे आणि जेवणाचे डबे हे काम ग्रॅज्युएट असिस्टंटकडे येणारच. त्याबद्दल विचारून वेळ घालवू नये.

फिजिकल थेरपीचा कार्यक्रम तीन वर्षांचा असतो आणि काही विद्यापीठे मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात. तशी सोय असेल तर ती घ्यावी, आणि पहिल्या हंगामानंतर मुलीला एकच विचारावे: मार्चमधल्या हरलेल्या सामन्यानंतर बसमध्ये तिने काय केले? तक्ता उघडून स्वतःचे आकडे तपासले असतील तर तिला या कामात ठेवा. पिचरची चूक शोधली असेल तर थेरपीच बरी, तिथे तिच्या ज्ञानाचा जास्त उपयोग होईल. मुलगी कोच म्हणून निकामी आहे असा याचा अर्थ नाही. पहिल्या वर्षी मीही पिचरचीच चूक शोधत होते, पण मला कोणी विचारले नव्हते.

आणि पुढच्या अर्जासाठी एक अगदी व्यवहाराची सूचना. या जागा मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये सुटतात, अर्जासोबत चित्रफीत मागतात, आणि बहुतेक मुली स्वतः चेंडू टाकतानाची चित्रफीत पाठवतात. आपल्या मुलीने आतापासून आपल्या गावातल्या बारा-तेरा वर्षांच्या एखाद्या मुलीला शिकवायला घ्यावे, पहिल्या दिवसापासून चित्रण ठेवावे, आणि सप्टेंबर ते मे या काळात त्या मुलीत काय बदलले, काय मुद्दाम तसेच ठेवले आणि का, हे तीन मिनिटांत बोलून दाखवावे. मी निवड समितीवर बसते तेव्हा असे काही आले की ती फाइल वरच्या बाजूला ठेवते.